कोरडं वजन

मे महिन्यात नागपूरला समुद्राची गोष्ट
कूलरच्या आवाजातच वाचावी लागते.
मशीनचे चार तास. उदारामचा डावा हात उशीवर,
रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं,
आणि मी स्टुलावर,
इतवारीच्या रद्दीतून किलोवर आणलेलं
मुखपृष्ठ नसलेलं पुस्तक उघडून.

दोनशे वर्षांपूर्वीचं जहाज.
दिव्यांच्या तेलासाठी देवमासे मारत हिंडणारं.
एका सकाळी त्यातला एक वळला
आणि डोकं पुढे करून सरळ जहाजावर आला.
एकदा.
मग थांबून, जणू आठवून, पुन्हा.
"बराबर केलं त्यानं," उदाराम म्हणाला.
शेजारच्या पलंगावरचे नंदनवार मास्तर
डोळे मिटूनच हसले.

वीस माणसं, तीन होड्या.
होडी केवढी, त्याने विचारलं.
मी म्हटलं, बाबांच्या धोट्यासारखी,
दोन्हीकडून निमुळती.
तो छताकडे बघत राहिला. त्याला दिसत असावा
तांडापेठेतला आमचा बंद पडलेला माग
आणि निळ्या ताण्यातून
इकडून तिकडे, तिकडून इकडे जाणारी वीस माणसं.

पाणी?
माणशी कपभर.
"दिवसाले?"
दिवसाला.
"मले तर सातशे मिली हाय वं,"
तो म्हणाला, आणि या उन्हाळ्यात पहिल्यांदा
सावकारासारखा हसला.
घरी वहिनी फ्रीजला कुलूप लावते.
एका रात्री तो कूलरच्या टाकीशी सापडला,
ओंजळ भरलेली,
पिऊ की नको करत.

पश्चिमेला बेटं होती, त्यातल्या त्यात जवळ.
पण तिथे माणसं माणसांना खातात
असं कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं,
म्हणून ते उलटे वळले,
हजारो मैल, वाऱ्याच्या विरुद्ध.
"मंग?"
मग बिस्किटं संपली.
पुढचं पान मी आधी मनात वाचलं.
"थांबली कायले?"
चिठ्ठ्या टाकल्या त्यांनी.
"भिशीवानी?"

हो, भिशीसारख्याच.
आमच्या गल्लीत स्टीलच्या डब्यातून
शेजारची छकुली चिठ्ठी काढते
आणि जिचं नाव निघतं ती लाजून चहा टाकते.
होडीत नाव निघालं एका कोवळ्या पोराचं,
कप्तानाच्या नात्यातल्या.
कप्तान म्हणाला, तुझ्याऐवजी मी.
पोरगा थोडा वेळ गप्प बसला.
मग होडीच्या काठावर डोकं टेकवलं :
नाव माझं निघालं ना.

उदारामने "मंग?" विचारलं नाही.

आमच्या घरी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत कुणी.
मोठ्या भावाला साखर आहे,
धाकट्याचं लग्न आत्ताच झालं,
वहिनीचा रक्तगट जुळत नाही.
कुणी कुणाचं नाव घेत नाही
आणि जेवताना सगळे
माझ्याकडे बघायचं टाळतात.
पर्सच्या आतल्या कप्प्यात, बसच्या तिकिटांमागे,
चार घड्या घातलेला माझा रिपोर्ट :
जुळतं.
आज अकरावा दिवस.

"वाचले किती?"
आठ.
"सापडले तवा काय करत होते?"
हाडं चोखत होते, आपल्याच सोबत्यांची,
हातातून सोडायला तयार नव्हते.
मी पान उलटलं. म्हटलं, झोपले होते.

नर्सने सुया काढल्या, काट्यावर उभं केलं.
कोरडं वजन एकावन्न, तिने वहीत लिहिलं.
मास्तरांनी हात हलवला, गुरुवारी भेटू.

ऑटो झिरो माइलच्या सिग्नलला थांबला.
दगडी घोडे उन्हात उधळलेले, जागच्या जागी.
उदारामच्या गालात बर्फाचा खडा,
तो विरघळू नये म्हणून जपून बोलत होता :
"त्या पोरानं चिठ्ठी पलटून पाह्यली असंन का वं?
आपलंच नाव हाय का म्हणून?"

मी पर्स मांडीवर ओढून घेतली.
सिग्नल हिरवा झाला होता,
मागचे हॉर्न देत होते.